साखरपाण्याची पाळी

अपघाताच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी सुगंधा कोडापेच्या दारावर नवऱ्याच्या नावाची कारणे दाखवा नोटीस चिकटवलेली होती. कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, मद्याच्या अंमलाखाली आढळल्याबद्दल श्री. देवाजी कोडापे यांनी सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा, असं तीत म्हटलं होतं. श्री. देवाजी कोडापे त्या वेळी जमिनीखाली दोनशे दहा मीटरवर, चाळीस मीटर ढिगाऱ्याच्या पलीकडे पडलेले होते. एकोणीस दिवसांत त्यांनी श्वास घेतलेला नव्हता. दारू तर त्यांनी जन्मात घेतली नव्हती. तरीही नोटीस खोटी नव्हती, हीच खरी अडचण होती.

कॉलनीतल्या आणखी सहा दारांवर तीच नोटीस होती. गोंद चांगल्या प्रतीचा होता. बायकांनी नखांनी कागद खरवडून काढला, पण सातही दारांवर "मद्याच्या" एवढा शब्द चिकटून राहिला.

गिरसावळीच्या कोळसा खाणीत चार वर्षांपासून खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला मासाडोस सक्तीचा होता. कागदोपत्री त्याला विनाश्वास-क्षमता म्हणत. सोनमाशाच्या जातकुळीतला एक थंड प्रदेशातला मासा तळं गोठलं की बर्फाखाली, ऑक्सिजनचा कण नसलेल्या पाण्यात, महिनोन् महिने जिवंत राहतो. त्याचं ते कसब एका इंजेक्शनातून माणसाच्या पेशीत बसवलं होतं. हवा संपली की डोस घेतलेला माणूस गुदमरत नाही. तो हळूहळू बंद होतो, आणि हवा मिळाली की पुन्हा सुरू होतो. बंद असलेल्या माणसाला सुप्त कर्मचारी म्हणायचं, असं परिपत्रक होतं. ऑफिसच्या दारात काचेच्या टाकीत दोन सोनमासे ठेवले होते आणि टाकीवर "आमचे प्रेरणास्थान" अशी पाटी होती.

डोस आला तशी नियमातही एका शब्दाची भर पडली. पूर्वी खाणीत माणूस अडकला की कोळसा काढणं जागच्या जागी बंद करावं लागे. आता "श्वास घेणारा" माणूस अडकला तर बंद करावं लागे.

सुगंधा लॅम्परूममध्ये कामाला होती. टोपीचे दिवे चार्ज करायचे, पाळीच्या सुरुवातीला एकेकाला द्यायचे, पाळी सुटली की मोजून परत खुंटीला लावायचे. एक जरी खुंटी रिकामी राहिली तर भोंगा वाजवायचा, की खालचं सगळं काम थांबतं. पण सुप्त कर्मचाऱ्याच्या खुंटीला निळा बिल्ला अडकवायचा आणि खुंटी भरलेली समजायची, अशी सूचना होती. चार नंबरच्या गॅलरीचं छत बसलं त्या दुपारी सात खुंट्या रिकाम्या राहिल्या. सुगंधाने सातही बिल्ले स्वतःच्या हाताने अडकवले. चौथा देवाजीचा होता. भोंगा वाजला नाही. पाच नंबरच्या गॅलरीत कोळसा कापायची मशीन चालूच राहिली. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं होतं, आणि त्या दिवशी तर सुपरवायझरने तिच्या टापटिपीचं कौतुकही केलं.

नोटीस घेऊन ती मॅनेजर वैरागडेसाहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, आणि सांगितलं, की ढिगाऱ्यामागच्या यंत्राने अल्कोहोलची वाफ नोंदवली, संगणकाने आपोआप नोटीस काढली; खुलासा आला की फाईल बंद करू. खुलासा कोण देणार, असं तिने विचारलं. ज्याची नोटीस त्याने, साहेब म्हणाले, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने क्षणभर अडखळून चहा प्यायले.

मग तिने खरा प्रश्न विचारला. माणसं कधी काढणार?

साहेबांनी तक्ता दाखवला. पाच नंबरचा कोळसा संपायला सदतीस दिवस. मग ती मशीन तशीच वळवून चार नंबरचा ढिगारा काढायचा. ताकद लावली तर पन्नास तासांचं काम होतं, हे त्यांनी नाकारलं नाही. पण घाईत छत नीट न टेकवता खोदलं, तर खोदणाऱ्यांच्या जिवाला धोका. आणि आतल्यांना तर धोका नाहीच. "तुम्हीच सांगा," ते अगदी मनापासून म्हणाले, "ज्याला घाई नाही त्याच्यासाठी ज्याला घाई आहे त्याचा जीव का घालायचा?"

सुगंधाने नोटीस घडी करून घेतली. यावर उत्तर आहे, एवढं मात्र तिला वाटत राहिलं.

त्या दिवशी साखरपाण्याची पाळी तिची होती. खाणीवरच्या माळरानात पत्र्याची एक शेड होती आणि शेडच्या मधोमध बोटभर जाडीची लोखंडी नळी जमिनीत गेलेली होती. ती थेट खालच्या "थांब्या"त निघे. थांबा म्हणजे कोळशाच्या भिंतीत कोरलेला कोनाडा. हवा कमी झाली की माणसांनी तिथे जाऊन टाकीला जोडलेली एकेक सुई दंडात टोचून घ्यायची आणि आडवं व्हायचं. वरून नळीतून पातळ साखरपाणी सोडलं की ते टाकीत, टाकीतून सात दंडांत. कल्याण अधिकाऱ्याला वाटलं, की हे काम घरच्यांनी केलं तर त्यांना बरं वाटेल. म्हणून सात घरांच्या पाळ्या लावल्या होत्या. बायका नैवेद्याला जावं तशा अंघोळ करून येत. रखमाबाई मेश्राम तर साखरपाण्यात वेलची टाके. दंडातून जाणाऱ्या साखरेला चव लागत नाही हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, की वास तर जात असेल.

वास खरं म्हणजे उलट्या दिशेने येई. पाणी सोडून झालं की नळीत साखर गोठू नये म्हणून हवेचा कॉक दहा सेकंद उघडून झोत मारायचा. झोत थांबला की नळीतून मोहाच्या भट्टीसारखा मंद वास वर येई. देवाजीच्या बापाला याच वासाने नेलं होतं. म्हणून तर देवाजी कधी त्याच्या वाटेला गेला नाही.

शेडमध्ये डॉ. मंजिरी पाळंदे बसलेल्या असत. डोस त्यांनीच बनवला होता. पुण्याहून आल्यापासून त्या खालच्या यंत्राच्या आकड्यांकडे बघत राहत आणि जेवणाचा डबा तसाच परत पाठवत. सुगंधाने त्यांच्यासमोर नोटीस ठेवली.

"म्याडम, हे काय लिवलं थे मले समजावून सांगा. साहेबाले समजत नाही."

"तुम्ही लॅम्परूममध्ये ना? मग सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी ही एक लॅम्परूम समजा. पेशीतलं कुठलंही काम असो, ते करणारा आधी चार्ज केलेला दिवा मागतो. त्या दिव्याचं नाव एटीपी. वापरला की विझतो, परत येतो, पुन्हा चार्ज करावा लागतो. चार्ज करायला लागते साखर. पेशीच्या ओसरीवर साखरेच्या कणाचे दोन तुकडे होतात, त्यात दोन दिवे चार्ज होतात. मग ते तुकडे आतल्या खोलीत जातात. तिला तंतुकणिका म्हणतात. तिथे त्यांचा पार भुगा होतो आणि आणखी तीसेक दिवे लागतात.

"अन् हवा कुठी लागते?"

"अगदी शेवटी. आतल्या खोलीत टोपल्या हातोहात देणाऱ्यांची रांग असते. टोपलीत इलेक्ट्रॉन. शेवटच्याकडून टोपली घ्यायला ऑक्सिजन उभा असतो. घेतो आणि पाणी होतो."

"निस्ता घेते? बाकी काहीच नाही करत?"

"बाकी काही नाही. पण तो नसला की सगळी रांग हातात टोपली घेऊन थांबते. आतली खोली बंद. उरले ओसरीवरचे दोन दिवे."

सुगंधाने हिशेब केला नाही, तिला दिसलंच: बत्तीस खुंट्यांची भिंत आणि दोन दिवे.

साध्या माणसाला दोन दिवे पुरत नाहीत, डॉक्टर पुढे म्हणाल्या. शिवाय ओसरीवर साखरेच्या तुकड्यांचा आंबट कचरा साठतो, त्यानेच तो संपतो. माशाची युक्ती अशी, की तो त्या कचऱ्याची दारू करून कल्ल्यांतून बाहेर टाकतो. आपली माणसं घामातून टाकतात. म्हणजे नोटीस शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. ती त्यांना उद्देशून काढली, एवढंच चुकलं.

"मंग दोन दिव्यात भागते कसं?"

"बाकीचं बंद करून. केस वाढणं, पचन, हात, पाय. हृदय मिनिटाला दोनदा. मग मेंदूतलं एकेक."

"मेंदूतलं काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. चाचणीत बारा दिवस बंद ठेवलेले लोक जसेच्या तसे उठले होते. वीस दिवस ठेवलेल्यांपैकी एकाला शीळ वाजवता येईना. त्यापुढे माणसांवर चाचणी झालेली नव्हती. मासा पाच महिने राहतो आणि नीट पोहायला लागतो. पण उठल्यावर माशाला कुणी नाव विचारत नाही. एकोणीस अधिक सदतीस म्हणजे छप्पन. छप्पन दिवसांनंतर सात माणसं वर येतील, जिवंत येतील, याची त्या हमी देत होत्या. माणसं कोणती येतील, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"पण त्यांना त्रास नाही," त्या घाईने म्हणाल्या. "गाढ झोप आहे ती. पूर्ण विश्रांती."

सुगंधा नळीपाशी गेली. साखरपाणी ओतलं. मग हवेच्या कॉकवर हात ठेवून तिने विचारलं, की हे दहा सेकंदांनी बंद केलं नाही तर काय होईल.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी आकडे सांगितले, सरळ, कुणी नुसते आकडेच विचारले असावेत तसे. तीन-चार तासांत माणसं जागी होतील. जागी झाली की श्वास घेतील, आणि मग आजूबाजूचा विषारी वायूही त्यांना बाधेल. आतापर्यंत तो बाधत नव्हता, कारण श्वासच नव्हता. श्वास सुरू झाल्यापासून बोटभर नळीची हवा कोनाडा साठ तास स्वच्छ ठेवील. त्यानंतर नाही.

"अन् खोदाले पन्नास तास."

"मी चहा घेऊन येते," डॉक्टर म्हणाल्या. त्या चहा पीत नसत.

सुगंधाने कॉक उघडला आणि दहा अंक मोजले. अकरावाही मोजला.

दुपारी दोनच्या सुमाराला नळीतून खोकल्याचा आवाज आला. मग दुसरा. तोवर उरलेल्या सहा घरच्या बायका शेडमध्ये जमल्या होत्या. सुगंधाने नळीला तोंड लावून नावं विचारली आणि खालून, विहिरीतून यावीत तशी, सहा नावं आली. भाऊराव मेश्रामचं आलं नाही. देवाजीचा आवाज म्हणाला, "श्वास घेऊन राहिला थो. नाव नाही सांगत." डॉक्टरांनी हवा वाचवायला सांगितली, बोलू नका, जागे आहात हे कळायला फक्त टिचकी मारा. त्यामुळे एवढंच बोलणं झालं.

सुगंधा लॅम्परूममध्ये परतली, सातही निळे बिल्ले काढून तिने टेबलावर ठेवले, आणि भोंगा वाजवला.

पुढचा दीड दिवस गिरसावळीने चार वर्षांत पाहिला नव्हता असा गेला. पाच नंबरची मशीन थांबली. ज्यांना घाई नव्हती त्यांना आता घाई होती, आणि त्यासरशी सगळी खाण धावायला लागली. वैरागडेसाहेब रागावले नाहीत. नियम पाहिला, "श्वास घेणारा" या शब्दाखाली रेघ मारली, आणि सदरा काढून स्वतः खाली उतरले. चाळीस माणसं आळीपाळीने खोदत होती. ज्यांच्या पाळ्या नव्हत्या तेही आले. कँटीनवाल्याने विचारल्याशिवाय भाकऱ्या पाठवल्या. बायका नळीपाशी बसून टिचक्या मोजत होत्या. दर पंधरा मिनिटांनी सात; नाव न सांगणारा भाऊरावही टिचकी मारत होता. एकेका मीटरची बातमी वर येई आणि शेडमध्ये कुणीतरी हसे. अठ्ठावीस मीटर झाले तेव्हा देवाजीच्या पाळीला लागोपाठ तीन टिचक्या आल्या. त्याला पलीकडून फावडी ऐकू यायला लागली होती.

एकतिसाव्या तासाला घाईत टेकवलेलं छत पुन्हा बसलं. खोदणारे सगळे वेळेत मागे सरकले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खोदलेले अठ्ठावीस मीटर मात्र भरून गेले, आणि वर आणखी नवा ढिगारा.

साहेब वर आले तेव्हा नखशिखांत काळे झाले होते. मी म्हटलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. पाच दिवस लागतील, म्हणाले. छताला लावायचे खांब दुसऱ्या खाणीतून यायचे होते, तेच परवा पोचणार होते. इकडे हवेची मुदत एकोणतीस तासांवर आली होती. पाच दिवसांचं काम एकोणतीस तासांत बसण्यासारखं नव्हतं. सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, की कॉक बंद केला तर ती पुन्हा बंद होतील. दुसऱ्यांदा कुणी झालेलं नाही, पण व्हायला हरकत नसावी. साखर आहे. झोपू दे त्यांना.

कॉक बंद कुणी करायचा यावर बायकांत वाद झाला नाही. तू उघडला, तूच बंद कर, असं रखमाबाई म्हणाली. ती टोचून बोलत नव्हती. ज्याच्या हातचं काम त्याने पुरं करावं, इतक्या साधेपणाने म्हणाली. पण त्याआधी खाली सांगायला हवं होतं. आता हवा वाचवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून बोलता येणार होतं.

सुगंधाने नळीला तोंड लावलं.

"हवा बंद करा लागते," ती म्हणाली. "छत बसलं."

"ऐकलं आमी," खालून देवाजी म्हणाला. "किती दिवस?"

"पाच म्हणतेत."

"पाच म्हणतेत," त्याने नुसतंच म्हटलं. मग म्हणाला, "सुगंधा, थे झोप नाही."

तो सांगत गेला, थांबत थांबत, घसा बसलेल्या आवाजात. आधी हात गेले. मग भूक गेली, मग थंडी. ते बरं वाटलं. मग घराची वाट आठवेना. लॅम्परूमपर्यंत येई आणि पुढे अंधार. पोरींची नावं गेली, आधी धाकटीचं. भीतीपण गेली. एकेक दिवा कुणीतरी काढून नेत होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण वाटायचं तेही नेलं होतं. तो विझायची वाट पाहत होता, पूर्ण. पण एक दिवा काही केल्या विझत नव्हता.

"कोणता?"

"वाट पाहाचा. बाकी सारं बंद झालं, थेवढं चालू राहिलं. मशीनचा आवाज आला का वाटे, आले. मंग आवाज दूर जाये. मंग दुसऱ्या पाळीले पुन्हा ये. एकोणीस दिवस म्हणता तुमी. मले इचारशील तं मी सांगू नाही शकत. साऱ्याइचं तसंच झालं, आमी इचारलं एकमेकाले."

डॉक्टर लिहून घेत होत्या. त्यांचं पेन थांबलं. शेकडो पानांच्या प्रबंधात त्यांनी पेशी कायकाय बंद करते त्याची यादी दिली होती, क्रमाने, तक्त्यासह. दोन दिव्यांवर पेशी शेवटी काय चालू ठेवते, हा प्रश्न त्यांनी माशाला विचारला नव्हता. विचारला असता तर मासा म्हणाला असता, की बर्फ वितळायची वाट पाहतो. दुसरं त्याला काय काम आहे?

"वाट कोणाची पाहून राहिलो," खालचा आवाज म्हणाला, "थे मातर आठवे ना."

"माई," सुगंधा म्हणाली. "माई पाहून राहिला तू. सुगंधाची."

"हाव. आता आठवते."

"बोल मंग. बोलत राय."

तिने कॉकला हात घातला. एकदम बंद करू नका, हळूहळू करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती बोटभर फिरवी आणि थांबे. खालून तिचं नाव येत राहिलं. आधी नवऱ्याने बायकोला हाक मारावी तसं आलं. मग पोर पाठ म्हणतं तसं, मग नुसती अक्षरं. मागे रखमाबाई आणि बाकीच्या पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. त्यांनाही आपापली नावं नळीत सोडायची होती, पण नळी एवढीशी होती, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. सुगंधाने कॉक शेवटपर्यंत नेला. हवेचा आवाज थांबला. तिने नळीला कान लावला. आत नाव आधी विझलं की आवाज आधी, हे वरून कळायला मार्ग नव्हता. मोहाचा वास अजून यायचा होता.

शेडच्या दारात ऑफिसचा शिपाई येऊन उभा राहिला होता. बायकांची ही अवस्था पाहून तो जरा वेळ घोटाळला. मग टोपी काढून हळूच म्हणाला, "ताई, झालं असंल तं साहेबाले निरोप देतो. खांब याले दोन दिवस आहेत, तवरी कोळसा काढता येते. खाली पाच नंबरचे मशीनवाले वाट पाहून राहिले."